नर्मदेचा दुसरा भाऊ

नर्मदा जन्मली तेव्हा सुईणीनं तिचं तोंड पुसता पुसता हात थांबवला आणि दिवा जवळ आणायला सांगितलं. पोरीच्या जिभेवर मधोमध उडदाच्या दाण्याएवढा जांभळट ठिपका होता. सुईणीनं नुसतं पोरीच्या आईकडे पाहिलं, आणि आईला कळलं.

डहाणूपासून तलासरीपर्यंतच्या पट्ट्यात अशी माणसं अधूनमधून जन्माला येतात. काळ्या जिभेचं माणूस रागात, मनापासून, एखाद्याचं नाव घेऊन काही बोललं की ते लागतं. चांगलं बोललेलं मात्र लागत नाही. लागत असतं तर अशा पोरांना लोकांनी डोक्यावर घेऊन मिरवलं असतं.

आईनं तिला बोलायला शिकवलं त्याच्या बरोबरीनं गप्प राहायलाही शिकवलं. "राग आला की तोंडात पाणी धरायचं, नमे. राग उतरला की गिळायचं." शाळेत नर्मदा तावातावानं नळाकडे निघाली की मुली पांगायच्या. तरी एकदा चुकलंच. निलम नावाच्या मैत्रिणीनं तिला चेटकीण म्हटलं आणि नळ कोरडा होता. "निलम, तुझी वेणीच गळून पडेल," एवढंच ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी निलमची वेणी उशीवर पडलेली होती, लाल रिबिनीसकट, जशी घातली होती तशी.

तेव्हा आई तिला घेऊन वेवजीला गेली. तिथल्या पाड्यावर एक म्हातारी उतारे करायची. म्हातारीनं नर्मदेचे केस मुळापासून कापले आणि निलमच्या वेणीला बांधून जमिनीत पुरले. "ज्यानं लावलं, त्यानंच काहीतरी सोडायचं," ती म्हणाली. "फुकटात शाप उतरत नाही." निलमला पावसाळ्याच्या आत केस आले. नर्मदेला यायला फार वेळ लागला. त्या काळात तिला हसली नाही अशी एकच मुलगी होती, त्या म्हातारीची नात शुक्री. दोघींची मैत्री तिथं जमली ती टिकली.

लग्नाच्या वेळी मुलाकडच्यांना सगळं सांगावं लागलं. सरावलीच्या जतीनचं मोटारी रिवाइंड करायचं दुकान होतं. त्याची आई नको म्हणत होती. तो म्हणाला, "मला रोज दुकानात करंट बसतो. हिचा बसून बसून काय बसणार?" संसार चांगला झाला. भांडण झालं की नर्मदा पाण्याचा घोट घेऊन मागच्या दारी जाऊन बसायची आणि जतीन तोवर कुकर लावायचा. ती फुग्यांच्या कारखान्यात कामाला लागली. तिथं मशीनचा आवाज एवढा की बोलणंच होत नाही, ते तिला बरं वाटायचं. संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या नखांत कधी पिवळा रंग असायचा, कधी निळा.

तिचा थोरला भाऊ महादेव डहाणूहून बोर्डीला जाणाऱ्या रस्त्यावर समुद्राकडच्या बाजूला राहायचा. चिकूची वाडी, थोडा भात, मागं सुरूची झाडं. लहानपणी तोच तिला नळापर्यंत हात धरून न्यायचा. पण वडील गेल्यावर घराचा कारभार त्याच्याकडे आला आणि लोक त्याच्या कानाशी लागले. वासरू मेलं, तर नर्मदा नुकतीच येऊन गेली होती. मोहोर गळाला, तर नर्मदेनं झाडांकडे पाहिलं होतं. महादेव तोंडावर काही म्हणत नसे, पण त्याचं बोलावणं कमी कमी होत गेलं.

मग आई अंथरुणाला खिळली. नर्मदा फोन करायची, तेव्हा महादेव म्हणायचा, "बरी आहे. आत्ताच डोळा लागलाय. तू पुढच्या आठवड्यात ये." पुढचा आठवडा पुढेच सरकत राहिला. एक दिवस जतीनच्या दुकानात मोटार घेऊन आलेला त्या बाजूचा माणूस म्हणाला, "तुम्ही गेला नाहीत? म्हातारीला आज सकाळीच नेलं."

नर्मदा पोचली तेव्हा माणसं स्मशानातून परतली होती. महादेव अंगणातल्या नळावर पाय धूत होता.

"दादा, मला का नाही कळवलंस?"

तो मान खाली घालून पायांवर पाणी ओतत राहिला. "तिचा जीव अडकला होता गं. लोक म्हणाले, काळ्या जिभेचं माणूस समोर असलं की जीव नीट सुटत नाही."

"आई काय म्हणत होती?"

महादेवनं तांब्या नळाजवळ ठेवला. त्याची बायको सुषमा दारात उभी होती. ती म्हणाली, "तुमचंच नाव घेत होत्या, ताई. शेवटपर्यंत."

नर्मदेनं नळाजवळचा तांब्या उचलला. ओठांपर्यंत नेला. सगळ्यांनी ते पाहिलं. मग तिनं तो न पिता खाली ठेवला.

"महादेव," ती म्हणाली, "माझ्या आईच्या घरात तू मला परकी केलीस. आता तुझ्याच घरात तुला कुणी ओळखणार नाही."

अंगणातली माणसं मागं सरली. ती रस्त्याकडे चालू लागली. वाटेतच तिच्या तोंडाला कडवट चव आली, कारलं चावल्यासारखी. ती चव पुढं कित्येक महिने गेली नाही.

सुरुवात कुत्र्यापासून झाली. तेरावं झाल्यावर महादेव बाहेरून आला, तर वाडीत त्याच्या पायात घोटाळणारा त्याचाच कुत्रा उंबऱ्याच्या आत त्याच्यावर गुरगुरला. मग फोन. ओट्यावर बसलं की फोन त्याचा चेहरा बघून उघडायचा, माजघरात आणला की चेहरा जुळत नाही म्हणायचा. महादेवनं फोनला शिव्या दिल्या.

एक दिवस तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला. सुषमानं दचकून वळून पाहिलं आणि पदर सारखा केला. "कोण हवंय तुम्हाला? असे सरळ आत कसे आलात?"

त्याला आधी थट्टा वाटली. मग तिनं घाबरून मुलीला हाक मारली. मयुरा कॉलेजला जाणारी, धीट पोरगी. तिनं त्याच्या दंडाला धरून त्याला बाहेर काढलं. ओट्यावर पाय पडला तशी ती थबकली. "पप्पा? तुम्ही कधी आलात?" तिनं त्याचा धरलेला दंड पाहिला आणि तिचा हात गळून पडला.

नर्मदा जे बोलली होती ते शब्दाला शब्द लागलं होतं. बाजारात, बँकेत, रस्त्यावर सगळे त्याला ओळखत. सुषमाही ओट्यावर येऊन त्याच्याशेजारी बसून रडायची. पण उंबऱ्याच्या आत तो कुणाचाच कुणी नव्हता. लग्नाच्या फोटोत तिच्या शेजारी उभा असलेला माणूस आतून पाहिलं तर पाठमोरा दिसायचा. फोटो बाहेर आणला की पुन्हा महादेव.

तो ओट्यावर जेवू लागला आणि चिकू भरायच्या शेडमध्ये झोपू लागला. असंही निभलं असतं. पण एका दुपारी ओट्यावर बसल्या बसल्या त्यानं दारातून आत पाहिलं. सुषमानं त्याच्या नेहमीच्या जागेवर पाट मांडला होता आणि ताट वाढलं होतं. ती समोर बसून हसत बोलत होती. "अहो, आमटीला मीठ कमी आहे का?" पाटावर कुणी नव्हतं. ताटातला भात मात्र हळूहळू कमी होत होता.

ती बाहेर आली तेव्हा महादेवनं विचारलं, "आत कुणाशी बोलत होतीस?"

"तुमच्याशीच." मग तिचा चेहरा उतरला. "नाही. तुम्ही तर इथं होता."

त्यानंतर गादीवर खड्डा दिसू लागला, कुणी कुशीवर झोपल्यासारखा. मयुराला खोकला ऐकू आला, तंबाखू सोडल्यापासून महादेवला येतो तसाच कोरडा. सुषमा बाहेर आली की पुन्हा आत जायला बघत नसे. "आत गेलं की मला भीती वाटत नाही," ती म्हणायची, "हीच मला भीती वाटते."

आणि मग एका सकाळी दोघं अंगणात चिकू निवडत बसलेली असताना घरातून महादेवचा आवाज आला. "सुषमा, चहा आण गं."

महादेव तिच्यासमोर उकिडवा बसला होता. त्याचे ओठ हलले नव्हते. सुषमा हातातला चिकू टाकून उठली आणि दाराकडे चालू लागली. त्यानं तिला दोन्ही हातांनी ओढून धरलं तेव्हा कुठं ती भानावर आली.

त्याच दिवशी ती कारखान्याच्या गेटवर येऊन उभी राहिली. नर्मदा जेवणाच्या सुट्टीत बाहेर आली. नर्मदेला सगळं ठाऊक नव्हतं, पण तोंडातल्या कडूपणावरून शाप लागल्याचं ठाऊक होतं. भाऊ येईल, निदान एक शब्द बोलेल, म्हणून ती वाट पाहत बसली होती. महादेव शरमेपोटी आला नव्हता, आणि घाबरलाही होता.

"ताई, मी त्यांच्यासाठी आले नाही," सुषमा म्हणाली. "त्यांनी केलं ते वाईटच केलं. पण मयुरा त्या घरात झोपते."

नर्मदेनं डबा तसाच बंद केला. सुपरवायझरला सांगून ती तिथूनच वेवजीला गेली.

शुक्रीच्या आजीला जाऊन जमाना झाला होता. आता उतारे शुक्री करायची आणि उरलेल्या वेळात तोंडली पिकवून बाजारात न्यायची. नर्मदेचं सगळं तिनं तोंडली तोडता तोडता ऐकून घेतलं.

"मी शब्द मागं घेते," नर्मदा म्हणाली. "तिथं जाऊन तसं बोलते."

"थुंकलेलं परत तोंडात येतं का, बाय?" शुक्री म्हणाली. "तू त्याची जागा रिकामी केलीस. रिकामी जागा तशीच राहील असं वाटलं तुला? विहीर उपसली की झरा येतोच."

"काय आलंय ते?"

"त्याला नाव नाही, तोंड नाही. उन्हापावसात फिरत असतं असलं. वाईट नसतं. घर मिळालं, ताट मिळालं, कुणी अहो म्हणालं. तू असतीस तर निघाली असतीस?"

नर्मदा तिच्या शेजारी बसून तोंडली तोडू लागली.

"त्याला हाकलता येत नाही," शुक्री म्हणाली. "न्यावं लागतं. भर दुपारी जा, सावली पायाखाली असते तेव्हा. दादा म्हणून हाक मार. जो ओ देईल तो तुझा भाऊ. त्याला माझ्याकडे घेऊन ये, मी बांधाजवळ कुडाची खोपी करून ठेवते. तुझा खरा भाऊ ओट्यावर बसलेला पाहिजे. पण त्यानं ओ द्यायची नाही."

"दिली तर?"

"मग ते तिथंच राहिलं. घर त्याचं झालं."

"आणि दादानं नाही दिली तर?"

शुक्रीनं टोपली बाजूला ठेवली. "मग तो शब्द तुझ्याकडून गेला. तुझ्या भावाला पुन्हा कधी दादा म्हणता येणार नाही तुला. फुकटात उतरत नाही, माहिती आहे ना?"

बुधवारी दुपारी नर्मदा आईच्या घरी गेली. सुषमा आणि मयुराला तिनं घरामागं सुरूच्या सावलीत उभं केलं. महादेव ओट्यावर बसला होता. दोघं किती दिवसांनी समोरासमोर आली होती, पण बोलायला वेळ नव्हता. तिनं नळावरून तांब्या भरून आणला.

"तोंडात पाणी धर," ती म्हणाली. "काही झालं तरी गिळू नकोस आणि सांडू नकोस."

त्यानं गाल भरून पाणी घेतलं. ती उंबरा ओलांडून आत गेली.

आत गार होतं. पिकत घातलेल्या चिकूंचा गोड वास होता. आईची खाट होती तिथंच होती आणि खाटेवर तिचा भाऊ बसला होता.

तो महादेवच होता. तिच्या लहानपणीचा, हात धरून नळावर नेणारा, थोडा वयानं वाढलेला. तिनं वळून बाहेर पाहिलं. ओट्यावर कुणी अनोळखी माणूस गाल फुगवून बसला होता. कोण हा, इथं का बसलाय, तिला काही आठवेना. त्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, याचंही तिला काही वाटलं नाही.

"आलीस, नमे?" खाटेवरचा म्हणाला. "बस ना. आई तुझी वाट बघत होती. मी म्हटलं, नर्मदेला आत्ताच्या आत्ता बोलवा."

हे ऐकायला ती एवढे महिने थांबली होती. ती खाटेच्या काठावर बसलीसुद्धा. तोंडातला कडूपणा एकाएकी गेला होता. इथंच बसावं, चहा प्यावा, आईच्या गोष्टी काढाव्यात. कशाला आलो होतो आपण?

शुक्रीचा आवाज तेवढा तिच्या डोक्यात कुठंतरी शिल्लक होता. बाहेर कुणीतरी बसलेला पाहिजे. त्यानं ओ द्यायची नाही. का, ते तिला कळत नव्हतं. पण ती उठली.

"दादा," तिनं हाक मारली. "चल माझ्याबरोबर."

खाटेवरचा नुसता हसला. "कुठं? हे घर आहे ना आपलं."

"दादा, चल."

ओट्यावरचा माणूस ताडकन उभा राहिला. त्याचा गळा वर खाली झाला. ओठांच्या कोपऱ्यातून एक थेंब हनुवटीवर आला. त्यानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं आणि भिंतीला डोकं टेकलं.

"मी तुझ्यासाठी घर बघितलंय, दादा," नर्मदा म्हणाली. तिचा आवाज फुटला. "मी येत जाईन तिथं. सोडणार नाही तुला. चल."

भिंतीवरचं घड्याळही ऐकू येत नव्हतं.

"ओ," खाटेवरचा म्हणाला, आणि उठला.

उंबरा ओलांडल्यावर तिला मागं कुणी दिसलं नाही. फक्त चिकूचा आणि आईच्या खोलीचा वास तिच्या पाठोपाठ येत राहिला. ओट्यावर महादेव उभा होता, तिचा भाऊ, गाल फुगवलेला, आता तिला ओळखू येणारा. ती त्याच्याकडे न थांबता पुढं गेली. रस्त्यावर उंबरगावकडची एक रिक्षा उभी होती. वेवजी म्हटल्यावर रिक्षावाल्यानं आरशात पाहिलं.

"बे जण ने, बेन?"

"हो," नर्मदा म्हणाली. "दोघं."

ती एका कडेला सरून बसली. शेजारची सीट हळूच दबली. रिक्षावाला वाटभर गाणी लावायला विसरला, आणि ती उतरली तेव्हा त्यानं मागं वळूनही पाहिलं नाही.

शुक्रीनं खोपी सारवून ठेवली होती. आत घोंगडी, पाण्याचं मडकं आणि पानावर भात. "मी शुक्रवारची म्हणून शुक्री," ती त्या मोकळ्या घोंगडीला म्हणाली. "तू बुधवारचा. तू बुध्या. हे तुझं घर. आमची रानडुकरं तेवढी हाकलत जा." पानावरचा भात जरासा हलला. नर्मदा बाहेर येऊन बांधावर बसली आणि पोटभर रडली.

इकडे महादेवनं तोंडातलं पाणी टाकलं आणि भीत भीत आत पाऊल ठेवलं. सुषमा त्याच्या मागून आली. "आधी पाय धुवा," ती म्हणाली, "मग या." तो तिथंच उंबऱ्यावर मटकन बसला.

काही दिवसांनी तो सरावलीला आला. जतीननं दार उघडलं आणि चहा टाकायला आत गेला. महादेव नर्मदेसमोर जमिनीवर बसला.

"आई शेवटी म्हणाली, नमीला सांगा, मी रागावले नाही. तिला वाटलं, तूच येत नाहीयेस. आणि मी तिला खरं सांगितलं नाही." तो थांबला. "मला माफ करू नकोस. फक्त तुला कळायला हवं होतं."

नर्मदेनं त्याला हाक मारायला तोंड उघडलं. ओठ हलले, आवाज आलाच नाही. तिनं पुन्हा प्रयत्न केला. शेवटी ती म्हणाली, "महादेव, चहा घे."

थोरल्या भावाला असं एकेरी नावानं हाक मारलेली ऐकून शेजारीण खिडकीतून डोकावली. महादेवनं कप घेतला.

भाऊबीजेला नर्मदा वेवजीला जाते. खोपीत पाट मांडते, ओवाळते, तेव्हा निरांजनाची ज्योत एका बाजूला झुकते. पाड्यावरची माणसं बुध्याला सरावली आहेत. शुक्रीच्या तोंडलीच्या वेलांना रानडुकरानं अजून तोंड लावलेलं नाही.

मागच्या दिवाळीत महादेव म्हणाला, "मी येऊ?" नर्मदेला नाही म्हणवेना. तो खोपीत शिरला आणि पाटापासून हातभर अंतरावर, भिंतीला टेकून बसून राहिला. नर्मदेनं दोघांना ओवाळलं. जेवताना दुसरं पान वाढायचं तिच्या लक्षात राहिलं नव्हतं. मोकळ्या पाटासमोरचं पान हळूहळू सरकत महादेवच्या पुढ्यात आलं. त्यानं त्यातला अर्धा भात खाल्ला आणि पान परत सरकवलं.

परतीच्या रिक्षात तो खूप वेळ बाहेर बघत होता. मग म्हणाला, "बारीक झालाय."

"तुला दिसतो?"

"मला दिसतो. त्या दुपारी तुझ्या मागून बाहेर पडला तेव्हा माझ्यासारखाच होता. आता गालफडं बसलीत."

नर्मदेनं पदर खांद्यावर ओढून घेतला. "एकटा जेवतो ना," ती म्हणाली.